अण्णासाहेब कर्व्यांचे थोरले चिरंजीव

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र असते. जिजामाता झाल्या, अहिल्यादेवी झाल्या, सावित्रीबाई झाल्या, महर्षी अण्णासाहेब कर्वेही होऊन गेले. यंदा हे काम माझ्याकडे आले तेव्हा मी महर्षींच्याच घरातले दुसरे एक नाव सुचवले. ते ऐकून बैठकीत दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले, एकीने पदर तोंडाला लावला. विषय तसा आहे खरा. परंतु आम्ही बहुतेक साऱ्याजणी लेकुरवाळ्या. ज्या गोष्टीवर बाईचे निम्मे आयुष्य अवलंबून असते ती वर्षातून एकदा छापून आली तर काही बिघडत नाही, असे अध्यक्षबाईंनी सांगितले आणि मला लिहावयास बसवले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातील पुस्तके रात्री झाकपाक आटोपल्यावर वाचली. त्यातून जे समजले ते माझ्या शब्दांत सांगते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात मुरूड येथे झाला. वडील धोंडो केशव, म्हणजे आपले अण्णासाहेब. आईचे नाव राधाबाई. १८९१ साली राधाबाई वारल्या तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी अण्णासाहेब मुंबई सोडून पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवावयास गेले आणि १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवा बाईंशी पुनर्विवाह केला. त्यांनाच पुढे सारे बाया कर्वे म्हणू लागले. आज आपण या लग्नाचे कौतुक करतो. त्या वेळी मुरूडच्या लोकांनी या कुटुंबाला वाळीत टाकले होते. अकरा वर्षांच्या मुलाने हे सगळे पाहिले. चांगले काम केले की गाव पाठ फिरवते, हा धडा त्याला शाळेच्या पुस्तकाआधीच मिळाला असावा, असे मला वाटते.

मुलगा बुद्धीने तल्लख. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला, १९०४ साली फर्ग्युसनमधून बी.ए. झाला आणि वडिलांप्रमाणेच गणिताचा प्राध्यापक झाला. गणितवाल्या माणसांना एक खोड असते, एखादी गोष्ट सिद्ध झाली की ती मान्य केलीच पाहिजे असे त्यांना वाटते. लोकांचे तसे नसते. रघुनाथरावांच्या आयुष्यातील पुष्कळशी दुःखे या एका खोडीतून आली.

त्यांचे लग्न गंगूबाईंशी झाले, लग्नानंतरचे नाव मालतीबाई. या दोघांनी आपल्याला मूल होऊ द्यावयाचे नाही असे ठरवले आणि ते शेवटपर्यंत पाळले. आजही आपल्याकडे लग्नाला दोन वर्षे होऊन पाळणा हलला नाही तर ओटी भरताना बायका बोलून दाखवतात. शंभर वर्षांपूर्वी मालतीबाईंनी काय काय ऐकून घेतले असेल याचा विचार मी पुष्कळदा करते. चरित्रकार रघुनाथरावांबद्दल पाने भरभरून लिहितात, या बाईच्या वाट्याला मात्र थोड्या ओळी येतात.

१९१९ साली रघुनाथराव गणिताच्या पुढच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा त्यांना उत्तम येत होती. वर्षभराने परतले ते एक निश्चय करूनच. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स नावाच्या बाईने असाच दवाखाना उघडला होता. म्हणजे या बाबतीत आपली मुंबई लंडनच्या फारशी मागे नव्हती. १९२३ साली संततिनियमन : विचार व आचार हे त्यांचे पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षी गुप्तरोगांपासून कसे वाचावे यावरचेही.

हे काम केवढे धाडसाचे होते हे समजण्यासाठी त्या काळी बायका काय करीत ते पाहिले पाहिजे. मूल नको असेल तर वाटा ठरलेल्या होत्या. माहेरी जाऊन राहायचे, अंगावर पाजत राहायचे, व्रताचे निमित्त काढून वेगळे निजायचे, दिवस मोजायचे, किंवा नवऱ्याने ऐनवेळी सावध राहावे अशी आशा धरायची. यांतले काहीच चालले नाही तर सुईणीकडे जाऊन काड्या आणि काढे, आणि त्यात कित्येकींचा जीव जाई. पहिल्या साऱ्या उपायांना आता नैसर्गिक कुटुंबनियोजन असे नाव आहे. नाव नवे असले तरी रीत आपल्या पणजीच्या आधीची आहे.

दिवस मोजण्याची गंमत ऐका. गंमत कसली, शोकांतिकाच. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांची अशी समजूत होती की बाईला पाळीच्या आगेमागे गर्भ राहतो आणि दोन पाळ्यांच्या मधले दिवस निर्धास्त असतात. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. बीज सुटते ते पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी, म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत मधल्याच दिवसांत. डॉक्टरांवर विश्वास ठेवून किती बायका फसल्या असतील! जपानचे डॉ. ओगिनो यांनी १९२४ साली आणि त्यानंतर चारपाच वर्षांनी ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांनी हे कोडे सोडवले. रघुनाथरावांचे पुस्तक निघाले तेव्हा बिनधोक दिवस कोणते याचा जगात कुणालाच नीट पत्ता नव्हता. आपल्या धर्मशास्त्रात मात्र पाळीच्या सुरुवातीपासून सोळा रात्री ऋतुकाल सांगितला आहे, तो मुले होण्यासाठी. मूल नको असणारीने त्या सोळा रात्री टाळल्या असत्या तर युरोपच्या डॉक्टरांपेक्षा ती बरी राहिली असती.

रघुनाथरावांनी या वाटांऐवजी साधने पुढे केली. रबराची टोपी किंवा पडदा, जो बाईने स्वतः आत बसवावयाचा. त्याबरोबर वापरावयाची औषधे. पुरुषांसाठी रबरी पिशवी, म्हणजे आजचा निरोध. ही साधने ते मागवीत, विकत आणि कशी वापरावयाची ते समजावून सांगत. यातले मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते हे की टोपी बाईच्या हातात असते. नवरा दारू पिऊन आला असो, रागात असो, किंवा चार दिवस थांब म्हटले तर न ऐकणारा असो, तिने तयारी केली असेल तर ती वाचते. दिवस मोजणे, वेगळे निजणे, सावध राहणे या साऱ्या वाटांना नवऱ्याची रुकार लागते. बाईने कितीही हिशेब ठेवला तरी तो पाळणारा दुसराच असतो.

हे विचार छापून आल्यावर जे व्हावयाचे ते झाले. ते त्या वेळी विल्सन कॉलेजात प्राध्यापक होते. कॉलेज मिशनऱ्यांचे. तेथे त्यांच्या मतांबद्दल नापसंती झाली आणि १९२५ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. पक्की नोकरी गेली. घरात मूल नव्हते ही एका अर्थी सोय झाली म्हणावयाची, दोघांच्या पोटापुरते कसेबसे भागले. पुढची अठ्ठावीस वर्षे हे घर काटकसरीने चालले, आणि त्या काटकसरीत मालतीबाईंचा वाटा मोठा होता.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक काढले. संपादक तेच, लेखक बहुतांशी तेच, मुद्रिते तपासणारे तेच आणि तोटा सोसणारेही तेच. मुखपृष्ठावर वस्त्रहीन स्त्रीचे चित्र असे, त्यामुळे लोक ते घरात उघड ठेवीत नसत, परंतु वाचीत असत. वाचक पत्रे पाठवून आपल्या खाजगी अडचणी विचारीत आणि संपादक त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरे देत. शारदेची पत्रे नावाचे सदर ते बाईच्या नावाने लिहीत. हे मासिक त्यांनी सव्वीस वर्षांहून अधिक चालवले. मी काही जुने अंक चाळले. खरे सांगावयाचे तर सगळेच मला पटले नाही. देवाधर्माबद्दल ते फार टोचून लिहितात, समोरचा माणूस दुखावेल याची पर्वा करीत नाहीत, आणि आपले म्हणणे तेवढेच शहाणपणाचे असा त्यांचा सूर असतो. परंतु बाईलाही मन आहे, शरीराचे सुख तिलाही हवेसे वाटते आणि त्यात पाप नाही, हे त्या काळी मराठीत इतके सरळ कुणी लिहीत नव्हते.

अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले. पहिला १९३१ साली, व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल. त्यात शंभर रुपये दंड झाला. त्या काळचे शंभर रुपये, आणि घरात मिळकत नाही. दुसरा खटला १९३४ सालचा, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल. या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

येथे थोडे थांबते, कारण ही गोष्ट आपल्या अगदी शेजारची आहे. बाबासाहेबांचे राजगृह दादरच्या हिंदू कॉलनीत, हिंदमातेच्या पुलाखालून निघाले तर आपण गप्पा मारीत चालत पोचतो. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांचे कार्यालय होते. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारे लोक आपल्या दारावरून जातात आणि मंडळातर्फे आपण पाणी वाटतो. परंतु बाबासाहेब कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले होते हे माझ्या ओळखीच्या फारच थोड्यांना ठाऊक होते. माणसांनी शरीराबद्दल प्रश्न विचारले तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, ज्ञान देण्याला अश्लील म्हणता येत नाही, अशी त्यांची बाजू होती. कोर्टाला ती पटली नाही. दोनशे रुपये दंड झाला. बाबासाहेबांनी हा विषय तेवढ्यावर सोडला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या कायदेमंडळात त्यांच्या पक्षाचे रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात असा ठराव मांडला आणि बाबासाहेबांचे त्यावरचे भाषण सभागृहात वाचून दाखवले गेले. ठराव नापास झाला. गरीब बाईला वारंवारच्या बाळंतपणाने काय सोसावे लागते याचा विचार त्या भाषणात होता. कायदेमंडळात त्या दिवशी अशा किती बाया असतील ज्यांना तो विचार स्वतःच्या अंगावरून सांगता आला असता?

रघुनाथरावांचा खरा वाद कोर्टाशी नव्हता, तो महात्मा गांधींशी होता. मी हे लिहिताना हात जोडूनच लिहिते, आमच्या घरात महात्माजींची तसबीर आहे. महात्माजींचे म्हणणे असे होते की मुले बेताची असावीत हे खरे, पण त्यासाठी उपाय एकच, ब्रह्मचर्य आणि संयम. साधने वापरली की माणूस भोगाच्या मागे लागेल. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर बाई त्यांना वर्ध्यास भेटल्या. त्या स्वतः नर्स होत्या आणि गरीब वस्त्यांत बायका मरताना त्यांनी पाहिल्या होत्या. दोघांचे बोलणे बराच वेळ झाले, एकमत झाले नाही. मात्र बिनधोक दिवस पाळण्याच्या रीतीला महात्माजींचा इतर साधनांइतका विरोध राहिला नाही, कारण तीत निदान काही दिवस तरी संयम ठेवावा लागतो. पुढे सँगर बाई त्रिवेंद्रमला अखिल भारतीय महिला परिषदेत गेल्या आणि तेथल्या बायकांनी संततिनियमनाच्या बाजूने ठराव केला. पुरुषांच्या सभेत नापास आणि बायकांच्या सभेत पास, यातच सारे आले.

रघुनाथरावांना संयमाचा हा उपदेश मान्य नव्हता. त्यांच्या लिखाणातून मला उमगले ते असे की निरोगी नवराबायकोने एकमेकांपासून दूर राहण्यात काही मोठेपणा नाही, आणि सामान्य माणसाला तो उपदेश झेपतही नाही. झेपला नाही की मूल पुरुषाच्या पोटी येत नाही. व्रत दोघांचे, मोडणारा एक, आणि नऊ महिने वाहणारी दुसरी.

आता हाच प्रश्न आपल्या काळात आणून पाहते, कारण रघुनाथराव गेले तरी तो संपलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर होत्या. त्या महात्माजींच्या शिष्या, त्यांना साधनांपेक्षा दिवस पाळण्याची रीत पसंत. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. अब्राहम स्टोन आले आणि दिल्लीच्या लोदी कॉलनीत व म्हैसूर भागातल्या रामनगरम येथे प्रयोग झाला. बायकांना रंगीत मण्यांची माळ दिली. रोज एक मणी सरकवावयाचा. एका रंगाचे मणी धोक्याचे, दुसऱ्या रंगाचे बिनधोक. कल्पना किती छान वाटते! पण माळ घरात टांगली तर सासू विचारते, गळ्यात घातली तर शेजारीण हसते, अंधारात रंग दिसत नाही, आणि मूल मणी ओढते. प्रयोगातून फारसे निष्पन्न झाले नाही. पुढे साठ वर्षे आत हीच माळ अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या लोकांनी सुधारून पुन्हा आणली. तीत ३२ मणी असतात, पहिला लाल, आणि आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंतचे पांढरे मणी म्हणजे जपावयाचे दिवस. ज्या बाईची पाळी २६ ते ३२ दिवसांच्या आत नियमाने येते तिच्यासाठीच ती आहे.

माळ नसली तर हिशेब असा करतात. सहा महिने ते वर्षभर पाळीच्या तारखा लिहून ठेवावयाच्या. सगळ्यात लहान चक्रातून १८ आणि सगळ्यात लांब चक्रातून ११ वजा करावयाचे. लहान २६ दिवसांचे आणि लांब ३१ चे असेल तर आठव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंत धोका. तेरा दिवस! वर पाळीचे चारपाच दिवस. महिन्याचे उरले किती ते मोजा. एवढे थांबावे का लागते? तर बाईचे बीज जेमतेम एक दिवस जगते, पण पुरुषाचे बीज आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. बीज सुटण्याच्या सुमारास पांढरे जाते ते अंड्याच्या पांढऱ्यासारखे ताणले जाते, आणि सुटल्यावर अंगाचे तापमान किंचित वाढते. या खुणा शिकवणाऱ्या रीतीही आहेत. त्या खोट्या नाहीत. नीट शिकून, रोज नोंद ठेवून, नवऱ्याच्या सहकार्याने पाळल्या तर त्या चांगल्या चालतात. पैसा लागत नाही, औषध पोटात जात नाही. आमच्या मंडळातल्या ख्रिस्ती भगिनींच्या धर्मात याच रीती मान्य आहेत, १९६८ साली पोपनी तसा आदेश काढला. त्यांच्यातल्या एकीने नवऱ्यासह चर्चमधल्या वर्गात शिकून हे वर्षानुवर्षे सांभाळले आहे आणि मला तिचे कौतुक वाटते. नवऱ्यासह शिकली, ही त्यातली खरी गोम.

आमच्या चाळीतली दुसरी एक जण अशीच दिवस मोजीत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक फुल्या. तिचा मुलगा आठ महिन्यांचा, अंगावर पिणारा, त्याला वरणभातही सुरू झालेला, आणि पाळी कधी पाच आठवड्यांनी तर कधी सात. अशा पाळीला वजाबाकी लागू पडत नाही. अंगावर पाजण्याचा आधार पक्का असतो तो फक्त पहिले सहा महिने, बाळाला दुधाशिवाय काही देत नसाल आणि पाळी परत आलेली नसेल तर. हे तिला कुणी सांगितले नव्हते. फुल्या तिने इमानाने केल्या, रात्रपाळीहून येणाऱ्या नवऱ्याने कॅलेंडर कधी पाहिले नाही. दोन मुलांत सतरा महिन्यांचे अंतर पडले. त्या बाळंतपणात तिच्या अंगात रक्त इतके कमी होते की चढवावे लागले. आता मुली मोबाईलमध्ये तारखा भरतात आणि मोबाईल हिरवा रंग दाखवतो. तोही वजाबाकीच करतो, एवढे मी आमच्या सुनांना सांगते.

अनेक देशांतल्या डॉक्टरांनी जमवलेले आकडे मी मंडळात व्याख्यान द्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंकडून उतरवून घेतले. शंभर बायकांनी वर्षभर एखादी रीत घरोघर जशी वापरली जाते तशी वापरली तर किती जणींना दिवस जातात? काहीच केले नाही तर पंच्याऐंशी जणींना. नवऱ्याच्या सावधपणावर राहिले तर सुमारे वीस. मण्यांच्या माळेने सुमारे बारा, आणि एकही दिवस न चुकता पाळले तर पाच. निरोधने तेरा, रोजच्या गोळीने सात. तांबीने एकाहून कमी, आणि शस्त्रक्रियेनेही एकाहून कमी. रघुनाथरावांची रबरी टोपी या आकड्यांत काही फार वर नाही, सतराअठराच्या घरात आहे. तिच्या काळी तिच्याहून बरे दुसरे काही नव्हते म्हणून ती मोठी.

पुढच्या साधनांनाही आपापले काटे आहेत. तांबीने काहींना पाळीला रक्त जास्त जाते आणि पोटात दुखते. गोळी रोज आठवणीने घ्यावी लागते आणि रक्तदाब असलेल्या बाईने डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी घ्यावयाचे अंतरा इंजेक्शन मिळते आणि लखनौला शोध लागलेली छाया गोळीही मिळते. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यावयाची. गुप्तरोगापासून बचाव मात्र एकट्या निरोधनेच होतो, आणि रघुनाथरावांनी १९२३ साली या दोन्ही विषयांवर दोन पुस्तके जोडीने काढली यात त्यांचे शहाणपण दिसते.

शस्त्रक्रियेचे पाहा. पुरुषाची अगदी लहान असते, पोट उघडावे लागत नाही, तो त्याच दिवशी घरी जातो. तीन महिने मात्र दुसरी काळजी घ्यावी लागते. बाईची त्याहून मोठी. तरी २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभरापैकी सुमारे अडतीस विवाहित बायकांची शस्त्रक्रिया झालेली आढळली, आणि नवऱ्याची झालेली शंभरात एकही भरली नाही, हजारात तीन. माझ्या सासूबाईंना सहा बाळंतपणे झाली. सासरे गिरणीत होते, शस्त्रक्रिया केली तर साचा चालवण्याची ताकद जाईल असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. सासूबाई केईएमला जाऊन स्वतः करून आल्या आणि दहाव्या दिवशी नळावरून हंडे भरू लागल्या. रघुनाथरावांचे मासिक तेव्हा बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांच्या घरापर्यंत ते कधी पोचलेच नव्हते.

त्यांच्या चरित्राकडे परत येते. उतारवयात रघुनाथरावांना फार थोड्यांची साथ राहिली. त्यांच्या नात्यातल्या शकुंतलाबाई परांजपे यांनी मात्र हे काम पुण्यात नेटाने चालवले. त्या पुढे आमदार झाल्या, राज्यसभेत गेल्या आणि १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९४९ मध्ये मुंबईतच धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने कुटुंबनियोजनाची भारतीय संघटना स्थापन झाली. १९५२ मध्ये सरकारनेच हा कार्यक्रम हाती घेतला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जगभरची मंडळी या विषयाच्या परिषदेसाठी मुंबईत जमली. ज्या शहरात एका प्राध्यापकाला या मतांपायी नोकरी सोडावी लागली होती तेथेच सत्तावीस वर्षांनी मांडव पडला.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव वारले. वडील अण्णासाहेब तेव्हा पंच्याण्णव वर्षांचे होते. त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले आणि १९६२ साली, एकशेचौथ्या वर्षी, ते गेले. थोरल्या मुलाच्या मागे नऊ वर्षे ते होते. मुलाच्या कामाला असा मान कधी मिळाला नाही. २००१ साली अमोल पालेकरांनी त्यांच्यावर ध्यासपर्व हा चित्रपट काढला, त्यात सीमा बिस्वास यांनी मालतीबाईंचे काम केले आहे. गेल्या श्रावणात हळदीकुंकवानंतर आम्ही तो मंडळाच्या खोलीत लावला होता. पंधरावीस जणी होत्या, दार लोटून घेतले होते.

समाजस्वास्थ्यचा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा. संपादक गेल्यानंतर महिन्याने तो वाचकांच्या हाती पडला.